रोजच्या वापरासाठी घडीचा चाकू: पोलाद आणि लॉक यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार. पार्सलची चिकटपट्टी कापणे, सुतळी तोडणे, फळ चिरणे अशा कामांसाठी खिशात सहज मावेल असा घडीचा चाकू मला घ्यायचा आहे. पाते साधारण ७ सेंटिमीटरचे असावे, एवढे नक्की आहे.

डी२ पोलादाची धार बराच काळ टिकते, पण त्यातील गंज रोखणाऱ्या क्रोमियमचा मोठा भाग कार्बाइडमध्ये (कार्बनशी जोडलेल्या कठीण कणांमध्ये) अडकून राहत असल्यामुळे लिंबू कापून पाते न पुसता ठेवले, तर त्यावर डाग पडतात. १४सी२८एन हे स्टेनलेस पोलाद गंजाला सहसा दाद देत नाही आणि साध्या दगडावरही लवकर धार धरते, म्हणून माझा कल तिकडे आहे; बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि तेच निसटून हाताला लागते.

खरी अडचण लॉकची, म्हणजे उघडलेले पाते जागेवर धरून ठेवणाऱ्या खटक्याची आहे. मी डावखुरा आहे आणि लायनर लॉकमध्ये पाते अडवणारी मुठीच्या आतली पातळ पट्टी बहुधा उजव्या अंगठ्याच्या सोयीने बसवलेली असते. शिवाय मिटवताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो. मुठीच्या पाठीवर लॉक असलेला चाकू दोन्ही हातांना सारखाच, पण तो एका हाताने मिटवणे कितपत सुरक्षित आहे? डावखुऱ्या सदस्यांनी स्वतः वापरलेल्या चाकूचा अनुभव कृपया सविस्तर सांगावा.