पहिला सिनेमा पाहून सुचतो की जगून?

लोकल_पडदा (धागाकर्ता)
"ज्याने जागतिक सिनेमा पाहिलेला नाही, त्याने पहिला चित्रपट करायला घेऊ नये. प्रेरणा पडद्यावरूनच मिळते. दादासाहेब फाळके बघा, सत्यजित राय बघा." ही पोस्ट कालपासून सगळ्या ग्रुपवर फिरतेय आणि लोक माना डोलावतायत. मला हे सहन होत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

फाळक्यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला, हे खरं. पण पडद्यावर ख्रिस्त सरकत असताना मनात राम आणि कृष्ण उभे राहत होते, असं त्यांनीच पुढे 'नवयुग' नियतकालिकात लिहून ठेवलंय. त्याआधी हा माणूस मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकला होता, फोटोग्राफी आणि छपाईत मुरला होता, जादूचे प्रयोग करत होता. चित्रपट पाहिला त्या दिवशी ठिणगी पडली असेल, पण दारूगोळा घरचाच होता. रायांचंही तेच. लंडनमध्ये १९५० साली 'बायसिकल थीव्ह्ज' हा इटालियन सिनेमा पाहिला तो नंतर. ज्या कादंबरीवर पहिला सिनेमा केला, त्या 'पथेर पांचाली'च्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं त्यांनी आधीच काढली होती. त्यातली भावंडं अपू आणि दुर्गा तेव्हापासून त्यांच्याकडे मुक्कामाला होते.

रीळ_चौथं
ती पोस्ट माझी नाही, पण मला पटलेली आहे. तुम्ही सोयीचं तेवढं सांगताय. १९४७ साली कलकत्ता फिल्म सोसायटी कोणी उभी केली? रायांनीच, मित्रांना घेऊन. लंडनच्या त्या मुक्कामात त्यांनी शंभराच्या आसपास सिनेमे पाहिले. फाळके तर त्या चित्रपटानंतर सतत सिनेमे बघत राहिले, इतके की डोळे जायची वेळ आली. याला अभ्यास म्हणतात.

मी एका लघुपट स्पर्धेसाठी पटकथा वाचतो. दुष्काळ, आजोबा, विकलेला बैल आणि शेवटी ड्रोनने दिसणारं गाव. लिहिणारे सगळे मनापासून जगलेले असतात, तरी पटकथा एकमेकींच्या कार्बन कॉप्या. प्रत्येकाचं बालपण म्हणजे सिनेमा नव्हे, हे कोणीतरी सांगायला हवं.

करमाळा_स्टँड
सांगा ना, पण आम्ही बघायचं कुठे तेही सांगा. तालुक्याला जत्रेतला तंबू आणि व्हिडिओ सेंटर, एवढंच होतं. जेऊरच्या नागराज मंजुळेंनी २०१३ साली 'फँड्री' हा पहिला सिनेमा केला. शाळेच्या भिंतीवरच्या महापुरुषांसमोरून मेलेलं डुक्कर खांद्यावर नेणारं पोर कुठल्या फेस्टिव्हलमध्ये बघून सुचतं? ते माहीत असावं लागतं. बैलाच्या पटकथेला नाक मुरडणाऱ्यांनी आधी बैल विकून बघावा.

रीळ_चौथं
मंजुळेंनी नगरला कम्युनिकेशन स्टडीज केलं, आधी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला, तेही सांगा. आणि माझ्या बैलांची चौकशी करू नका. माझ्या वडिलांनी जमीन विकलीय, त्याचा मी सिनेमा केला नाही एवढंच.

करमाळा_स्टँड
मग करा! तुम्ही केला नाहीत म्हणून दुसऱ्याने करू नये का?

मागच्या_रांगेतून
दादा लोक, प्रेरणेवर एवढं लिहिलंत, दागिन्यांवर कोणी एक ओळ लिहिली नाही. सरस्वतीबाई फाळक्यांनी दागिने दिले, पूर्ण युनिटचा स्वयंपाक केला, रात्री बसून कच्च्या फिल्मला भोकं पाडली. रायांच्या पत्नी बिजोया यांचे दागिने गहाण पडले. दोन्ही घरांत विम्याची पॉलिसीही कामी आली. पहिल्या चित्रपटाचा इतिहास सावकाराच्या वहीत सापडतो.

माझ्या भावाने पहिला चित्रपट काढला. एका निर्मात्याने शब्द दिला आणि शूटिंग अर्ध्यावर असताना फोन उचलणं बंद केलं. आईच्या पाटल्या गेल्या, मग वहिनीचं मंगळसूत्र सोडून सगळं गेलं. वहिनी आजही शिकवण्या घेऊन कर्ज फेडतेय. मुलाखतीत त्याला प्रेरणा विचारली तर त्याने एका इराणी दिग्दर्शकाचं नाव घेतलं. वहिनी समोर बसली होती.

लोकल_पडदा
ताई, वाईट वाटलं. पण हा वेगळा विषय आहे.

मागच्या_रांगेतून
वेगळा कसा? पहिला चित्रपट कोण करू शकतो, हाच विषय आहे ना? पाहून सुचला काय, जगून सुचला काय, घरात गहाण टाकायला काही नसेल तर तो वहीतच राहतो.

सब्सिडी_पीडित
ताईंना अनुमोदन. सरकारी अनुदान सिनेमा पूर्ण झाल्यावर, परीक्षण समितीने दर्जा ठरवल्यावर मिळतं. तोवर व्याज कोण भरणार? 'श्वास' २००४ मध्ये ऑस्करला निघाला तेव्हा लोकांनी वर्गणी काढली, छान केलं. पण तोवर राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णकमळ मिळालेलं होतं. त्याआधी कोण देतं वर्गणी?

रीळ_चौथं
रडगाणं पुरे. 'कोर्ट' या सिनेमाला (२०१४) पैसा अभिनेता-मित्र विवेक गोंबरनेच लावला ना? दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे तेव्हा पंचविशीतला होता. चांगली पटकथा असेल तर माणसं उभी राहतात.

मागच्या_रांगेतून
तसा मित्र किती जणांना असतो? आणि 'रडगाणं' हा शब्द मागे घ्या. माझ्या वहिनीने आजवर कधी तक्रार केलेली नाही, मी करतेय.

करमाळा_स्टँड
शिवाय ताम्हाणे खालच्या कोर्टात जाऊन बसला होता. तिथलं कंटाळवाणं कामकाज त्याने स्वतः बघितलं, म्हणून सिनेमा तसा झाला. तुमचंच उदाहरण आमच्या बाजूचं निघालं.

रीळ_चौथं
शब्द मागे घेतो. पैशाचं ताईंचं म्हणणंही मान्य, रायांनासुद्धा शेवटी बंगाल सरकारनेच पैसे देऊन तारलं. पण कोर्टात बसून काय बघायचं, हे कळायला नजर लागते आणि ती सिनेमे पाहूनच तयार होते. यावरून मी हलणार नाही.

लोकल_पडदा
हलू नका. मीही हलत नाही. पण ताई, तुम्हाला "वेगळा विषय" म्हणालो, ते चुकीचं होतं. शीर्षकातला प्रश्नच अपुरा आहे, बदलतो. अनुदानातली थोडी रक्कम पटकथेच्या टप्प्यावरच मिळावी, यासाठी निवेदन लिहायला कोण बसतंय?

सब्सिडी_पीडित
मी आहे. समितीवर कोण असणार, ते मात्र आधी ठरवा, नाहीतर तिथेही जागतिक सिनेमावाले.

रीळ_चौथं
मला घेऊ नका. पण मसुदा पाठवा, शुद्धलेखन तपासून देईन.