जमिनीवरून मंद गुरुत्वलहरी पकडताच येत नाहीत म्हणे!

नळस्टॉपकर: काल इथे एकांनी ठोकून दिलं की दहा हर्ट्झच्या (सेकंदाला दहा हेलकाव्यांच्या) खाली गुरुत्वलहरी, म्हणजे ताऱ्यांच्या टकरींनी अवकाश-काळात उठणारे तरंग, जमिनीवरून ऐकू येणं शक्य नाही, म्हणून हिंगोलीच्या लायगोवर, म्हणजे या लहरी पकडणाऱ्या यंत्रावर, 2600 कोटी उधळण्यापेक्षा अवकाशात जाणाऱ्या लिसाची वाट बघा. वाचून डोकंच फिरलं. लिसा उडणार 2035च्या आसपास, तीही ऐकणार मिलिहर्ट्झ, म्हणजे हर्ट्झच्या हजाराव्या भागातलं. मग एक ते दहा हर्ट्झचा पट्टा कुणी ऐकायचा? युरोपचा नियोजित लहरशोधक आइन्स्टाइन टेलिस्कोप जमिनीखाली जाऊन तीनेक हर्ट्झपर्यंत उतरणार आहे. 2017 साली न्यूट्रॉन तारे धडकले, तेव्हा अमेरिकेतल्या लायगोच्या हाती जेमतेम शंभर सेकंदांचा सिग्नल लागला. तीन हर्ट्झपासून ऐकलं तर तशीच धडक काही तास आधी कळेल, दुर्बिणी वळवून बसता येईल.

कर्वेरोडी: ते एक म्हणजे मीच. ‘उतरणार आहे’ला काय अर्थ? लहरी मोजणारा यंत्रातला आरसा एकाखाली एक चार लोलकांना टांगला की धक्के गळतात, मान्य. पण जमिनीतून लाट गेली की माती दबते, सैलावते आणि त्या मातीचं गुरुत्वाकर्षणच आरशाला ओढतं. हवेचा दाब बदलला तरी तेच. त्याला आड भिंत घालता येत नाही. आमच्या बिल्डिंगसमोर मेट्रोचं काम चालू होतं तेव्हा मांडणीतल्या वाट्या वाजायच्या. वाट्यांखाली रबर घातलं. गुरुत्वाला काय घालणार?

नळस्टॉपकर: भूकंपमापकांचं जाळं पसरायचं, जमीन किती हलली ते मोजायचं, ओढ हिशेबातून वजा करायची. शिवाय खोलवर जमीन मुळात कमी हलते. जपानचा लहरशोधक काग्रा उगाच डोंगरात शिरला नाही. आणि हिंगोलीच्या लायगोची जागा औंढा नागनाथला, तिथे मेट्रो नाही हो!

जुन्नरी: दोघेही नारायणगावजवळच्या खोडदला विसरलात! तिथल्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या पल्सारचे, म्हणजे गरगरणाऱ्या मृत ताऱ्यांचे, ठोके मोजत बसल्यात; लहर आली की ठोके मागेपुढे होतात. जून 2023मध्ये युरोपवाल्यांबरोबर नॅनोहर्ट्झ लहरींचा पुरावा दिला. एकेक हेलकावा वर्षानुवर्षांचा. याहून मंद काय हवं? जमिनीवरूनच की!

कर्वेरोडी: तबकडी जमिनीवर, घड्याळ हजारो प्रकाशवर्षांवर. असं चालत असेल तर मीही गच्चीतून लहरी पकडतो. आणि ‘पुरावा’ म्हणालेत, ‘शोध लागला’ नाही.

चाकणग्रस्त: त्याच खोडदपायी आमची पुणे-नाशिक रेल्वे गेली. नारायणगावचा मार्ग जीएमआरटीला बाधतो म्हणून आता अहिल्यानगर-शिर्डीवरून वळसा. आमच्या वावरात मोजणी झालेली. जमीन जाणार म्हणून भावाने द्राक्षबागेचे अँगल बदलले नाहीत, अवकाळीत अर्धा मांडव झोपला. आता म्हणे जमीन नकोच. भरपाई कोण देणार, पल्सार?

जुन्नरी: आम्हीही तिकडचेच, दादा. पण विजेच्या गाडीच्या ठिणग्यांनी रेडिओत गोंगाट होतो, ते खोटं नाही. तेवढ्या टप्प्यात बोगदा करा, हे आम्हीही म्हणतो.

चाकणग्रस्त: कुठे म्हणता? टपरीवर? टोमॅटोचे क्रेट भरून एकदा आमच्याबरोबर हायवेला या, मग विज्ञान शिकवा.

नळस्टॉपकर: धागा रेल्वेचा नाहीये!!

कर्वेरोडी: असू द्या, निदान ते हयातीत मिळेलसं काहीतरी मागतायत. हिंगोलीला 2016मध्ये तत्त्वतः मंजुरी, पैशाला 2023 उजाडलं. लहरी कुठल्या बाजूने आल्या ते नेमकं सांगायला तिथलं यंत्र कामी येईल, एवढं दिलं. खूश? पण तेही दहाच्या वरचंच ऐकणार.

नळस्टॉपकर: म्हणजे 2600 कोटी ‘उधळले’ हे मागे घेताय?

कर्वेरोडी: ‘दहाच्या खाली’ मागे घेतलेलं नाही.

जुन्नरी: दादा, बोगद्याचं निवेदन कुठे द्यायचं बोला, सही मी करतो.

चाकणग्रस्त: राजगुरुनगरला पोचलो की बोलतो. तासभर तळेगाव चौकातच उभा आहे.