मदत हवी आहे: पाचवीची मुलं घडाघडा वाचतात, पण उतारा कळत नाही

खडूफळा (पलूस):
नमस्कार. जिल्हा परिषद शाळा, इयत्ता पाचवी, पट 22. मुलं मिनिटाला 80-90 शब्द न अडखळता वाचतात. पण उताऱ्यावर प्रश्न विचारला की प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती अख्खी ओळ उतरवायची, एवढंच जमतं. 'का' आणि 'यावरून काय कळतं' हे प्रश्न कोरे राहतात. रोज 10 शब्द अर्थासह पाठ आणि शनिवारी चाचणी चालू आहे. शनिवारी पैकीच्या पैकी, पण पंधरा दिवसांनी तोच शब्द धड्यात आला तर अनोळखी. दिवाळीपर्यंतची आकलनाची आणि शब्दसंपत्तीची उद्दिष्टं लिहायची आहेत. शब्द किती, कोणते, आणि मोजायचं कसं?

पाटीपेन्सिल (कोरेगाव):
सर, रोजचे 10 शब्द आधी बंद करा. आठवड्याला 5 पुरे. 12 आठवड्यांत 60 होतात. मात्र प्रत्येक शब्द त्या आठवड्यात वेगवेगळ्या वाक्यांत 6-7 वेळा तरी यायला हवा, आणि महिन्याने पुन्हा एकदा.

धड्याखालचे अवघड शब्द सरसकट घेऊ नका. 'शिरस्त्राण'चा अर्थ जाता जाता सांगून पुढे जायचं. वेळ द्यायचा तो परिणाम, प्रमाण, अभाव, आवश्यक, तुलना यांना, कारण ते परिसर अभ्यासातही भेटतात आणि गणितातही. त्याहून जास्त वेळ मात्र, तरीही, अन्यथा, त्यामुळे यांना. 'का'चं उत्तर या शब्दांपाशीच असतं आणि मुलं नेमके तेच गिळून पुढे जातात.

नुसता अर्थ पाठ केला की 'आवश्यक म्हणजे जरूर' एवढंच डोक्यात बसतं आणि मग वहीत येतं, 'लग्नाला आवश्यक या.' म्हणून वाक्यं द्या: दोन बरोबर, एक चुकीचं. चुकीचं कोणतं आणि का, ते मुलांनी बोलायचं.

दुसरी अडचण सामान्यरूपाची, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं रूप बदलतं त्याची. 'उसाच्या' हा शब्द मूल कोशात 'उ'खाली शोधतं, 'ऊस' मात्र 'ऊ'खाली असतो. 'चिऱ्यांची' वाचून 'चिरा' आठवत नाही. वहीत तीन रकाने आखा: उताऱ्यातलं रूप, मूळ शब्द, स्वतःचं वाक्य.

आकलनासाठी उसावरचा असा तुकडा घ्या (खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेलं पीक, बेणे म्हणजे लागवडीची कांडी, पाचट म्हणजे उसाची वाळलेली पानं): 'खोडव्याला नवीन बेणे लागत नाही, त्यामुळे खर्च कमी होतो. मात्र पाचट जाळले, तर जमिनीतील सेंद्रिय कर्ब घटतो.' 'खर्च कमी का?' हा सरळ प्रश्न. 'पाचट सरीत ठेवणाऱ्याचा काय फायदा?' याचं उत्तर कुठल्याच ओळीत तयार नाही. 'जाळले तर' उलटं करून बघावं लागतं. ही उलटापालट पहिले दोन आठवडे तुम्ही फळ्यावर मोठ्याने बोलून दाखवा. ती ऐकल्याशिवाय मुलाला कळत नाही की उत्तर नुसतं सापडत नसतं, जुळवावंही लागतं.

उद्दिष्ट असं लिहा: 'न वाचलेल्या 120-150 शब्दांच्या उताऱ्यावरचे 6 पैकी 4 प्रश्न 22 पैकी 16 मुलं बरोबर सोडवतील, त्यात अनुमानाचा प्रश्न असेलच आणि प्रत्येक उत्तराचा आधार उताऱ्यात रेघ मारून दाखवतील.' सहांत दोन प्रश्न सरळ, दोन असे की उत्तरासाठी उताऱ्यातली दोन वाक्यं जोडावी लागतील, एक अनुमानाचा, एक संदर्भावरून शब्दार्थाचा. रेघ चुकीच्या ओळीखाली असेल, तर बरोबर उत्तरालाही अर्धेच गुण.

खडूफळा:
मॅडम, फार उपयोगी. मग चाचणीलाही उसाचाच उतारा ठेवू का? शब्द ओळखीचे आहेत.

वाचनपेटी (वाई):
शिकवायला ठेवा सर, मोजायला नको. पलूसच्या पोराला खोडवा न वाचताही माहीत असतो. उत्तर बरोबर येईल, पण ते घरच्या माहितीवर. चाचणीला साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारामोटेची विहीर घ्या, नाहीतर कासचं पठार: 'सड्यावर (खडकाळ पठारावर) मातीचा थर पातळ, त्यामुळे मोठी झाडे रुजत नाहीत.' इथे वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

पालक शिष्यवृत्तीसारख्या परीक्षांचं विचारतीलच. पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत पहिल्या पेपरला प्रथम भाषेचे 25 प्रश्न, 50 गुण असत, आणि सगळे बहुपर्यायी. पण आकलन पर्यायांवर मोजू नका. चारांत एक तर नुसत्या अंदाजानेही लागतो. शिवाय उताऱ्यातलाच शब्द जसाच्या तसा ज्या पर्यायात दिसतो त्यावर मुलं झडप घालतात, आणि बऱ्याचदा तोच चुकीचा असतो. सरावात चारही पर्याय पट्टीखाली झाकायला लावा. मुलाने उत्तर आधी आपल्या शब्दांत सांगायचं, मग पट्टी काढायची आणि जुळणारा पर्याय शोधायचा. सुरुवातीला तासाला 4-5 प्रश्नच होतील, तेवढे पुरेत.