प्रति: बेस गिटारसाठी किती वॅटचा अ‍ॅम्प घ्यावा?

१०० वॅटचा घ्यावा की २०० चा, असं वर विचारलंय. माझं स्पष्ट मत, आधी स्पीकर बघा. वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतका. त्याच हेडला (म्हणजे अ‍ॅम्पचा स्पीकर नसलेला डबा) तसंच दुसरं कॅबिनेट (स्पीकरची पेटी) जोडलं तर फरक जास्त कळतो. पण ओहम (स्पीकरचा विजेला होणारा विरोध) तपासल्याशिवाय जोडू नका. ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की भार ४ ओहमचा होतो. हेडच्या मागे 'किमान ४ ओहम' लिहिलं असेल तर तिथेच थांबायचं, तिसरं नाही. आणि हेड ते कॅबिनेट वायर स्पीकरचीच हवी. गिटारची केबल दिसायला तशीच असते, म्हणून आवर्जून सांगतोय.

सेटिंगचं म्हणाल तर टोनचे सगळे नॉब मधोमध ठेवून सुरुवात करा. घरी एकट्याने वाजवताना मिड (मधल्या पट्टीचा आवाज) कापलेला बेस फार गोड लागतो. ड्रम आणि दोन गिटार सुरू झाल्या की तोच बेस गायब! ई तारेचा मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा, पण गर्दीत तो ओळखू येतो वरच्या हार्मोनिक्समुळे, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या उंच स्वरांमुळे. तेव्हा मिड जपा. आवाज घुमत असेल तर आधी अ‍ॅम्प कोपऱ्यातून बाहेर ओढा, मग २०० हर्ट्झच्या आसपास थोडं कमी करून बघा.

स्टेजवर चांगला पीए (प्रेक्षकांसाठीची ध्वनियंत्रणा) असेल तर अ‍ॅम्पच्या डीआय आऊटमधून, म्हणजे थेट मिक्सरला जोडायच्या सॉकेटमधून, त्याला सिग्नल द्या; मग छोटा कॉम्बोही (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) पुरतो.