सेविकांच्या ‘सुपरव्हिजन’ला मराठीत काय म्हणावे?

म्हादई: डिचोली तालुक्यातील एका वृद्धाश्रमाच्या सेविकांसाठी मी माहितीपुस्तिका मराठीत करीत आहे. ‘प्रत्येक सेविकेचे महिन्यातून एकदा पर्यवेक्षण होईल’ हे वाक्य वाचताच तेथील एका ज्येष्ठ सेविकेने त्या शब्दावर बोट ठेवून विचारले, “बाई, आमची परीक्षा घेणार काय?” अभिप्रेत आहे ते असे, की सेविकेने अनुभवी सहकारिणीसोबत तासभर निवांत बसावे, आजोबांना खाटेवरून उठवताना कोठे अडते ते सांगावे, कोणी दगावले असेल तर मनात साचलेले बोलावे आणि पुढे काय शिकायचे ते ठरवावे. याला शब्द कोणता?

दीपमाळ: ‘पर्यवेक्षण’च ठेवावे. परि, अव आणि ईक्ष् यांपासून बनलेल्या या शब्दाचा अर्थ सर्व बाजूंनी नीट पाहणे असा आहे. परीक्षेच्या वर्गातील पर्यवेक्षकामुळे त्याची धास्ती बसली, म्हणून चांगला शब्द टाकून देऊ नये.

आबोली: मी परिचारिका आहे. माझ्या पहिल्या नोकरीत सुपरव्हिजन म्हणजे नोंदवहीत लाल शाईचा शेरा, आणि तो वाचून आम्ही चुका लपवायला शिकलो. शब्दाची धास्ती अशी कामातून येते. १९७५ साली सुरू झालेल्या अंगणवाडीच्या योजनेत पर्यवेक्षिकेला ‘मुख्यसेविका’ म्हणतात, ते मला फार आवडते, कारण तीही सेविकाच ठरते.

सांजवात: गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगथ’ या संस्थेच्या एका प्रकल्पात मानसोपचाराची पदवी नसलेले समुपदेशक आपल्या भेटींची ध्वनिमुद्रणे एकत्र ऐकत आणि एकमेकांच्या कामाला गुण देत. कोंकणीत ‘सांगात’ म्हणजे सोबत. तोच शब्द घ्यावा.

दीपमाळ: सोबतीत उत्तरदायित्व येत नाही. चुकीची गोळी दिली गेली, तर सोबतीण जबाबदार धरायची काय? शिवाय मराठी पुस्तिकेत कोंकणी शब्द कशासाठी?

सांजवात: अभंगांतला ‘सांगाती’ मराठीच आहे. आपल्या घरांत दोन्ही भाषा एकाच चुलीपाशी बसतात.

दीपमाळ: ‘सांगाती’ माणसाला म्हणतात, ते क्रियेचे नाव होत नाही.

आबोली: शिकण्याच्या भागाला ‘उजळणी’ म्हणता येईल, परंतु दगावलेल्या आजीबद्दल रडणे उजळणीत कसे बसवावे, ते मला सुचत नाही.

म्हादई: तूर्त ‘महिन्याची बैठक’ असे लिहिले आहे. त्या सेविकेने आता विचारले आहे, की बैठकीत बोललेले मालकांच्या कानावर जाणार की नाही. मूळ इंग्रजी मजकुरात त्याविषयी एकही ओळ नाही.