‘परत चालव’ म्हणजे पुन्हा की उलट? डीबगरच्या आज्ञांची बोलभाषा

दारव्ह्याकडचा मास्तर (प्रश्न)

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात संध्याकाळी डिप्लोमाची पाच-सहा पोरं माझ्याकडे सी शिकायला येतात. सध्या जीडीबी, म्हणजे प्रोग्राम थांबवून-तपासून त्यातली चूक शोधायचा डीबगर, चालू आहे. एका पोरीचा काटा-पावतीचा प्रोग्राम अडला होता. भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजा होऊन कापसाचं निव्वळ वजन यायला हवं, तर मधूनच उणे क्विंटल यायचे. गाड्यांचा क्रम ती रँडम घ्यायची, त्यामुळे चूक दर वेळी दिसेना. प्रत्येक खेपेला ‘रेकॉर्ड’, म्हणजे प्रोग्रामच्या प्रत्येक पावलाची नोंद ठेवायची आज्ञा, लावून चालवत गेलो आणि अकराव्या खेपेला उणे आकडा आला. मी उत्साहात म्हटलं, ‘आता परत चालव!’ तिनं ‘रन’ टाइप केलं. जीडीबीनं विचारलं, प्रोग्राम आधीच सुरू आहे, पहिल्यापासून करू का? तिनं ‘वाय’ दाबलं. नोंद गेली, उणे आकडाही गेला.

मला म्हणायचं होतं ‘रिव्हर्स-कंटिन्यू’, म्हणजे त्या नोंदीवरून मागच्या दिशेनं जा. पोरीची काही चूक नाही. ‘परत सांग’ आणि ‘पैसे परत दे’, दोन्हींत तोच शब्द. ‘मागे’ घ्यावं तर तेही तसंच: ‘मागे गेलो होतो’ म्हणजे गेल्या साली की घराच्या मागे? आज्ञा इंग्रजीतच टाइप करायच्या आहेत, वाद त्याचा नाही. शिकवताना तोंडानं काय म्हणावं?

तूर-हरभरा

‘उलट चालव’ म्हणा. संपला विषय.

दारव्ह्याकडचा मास्तर

करून पाहिलं, भाऊ. पोरांना वाटलं की शेवटच्या ओळीपासून पहिलीकडे एकेक ओळ ‘चालते’. तसं होत नाही. रेकॉर्ड चालू असताना जीडीबी प्रत्येक सूचनेआधीची स्थिती लिहून ठेवतो आणि मागे येताना ती जशीच्या तशी मांडतो. वजाबाकीची उलट बेरीज होत नाही, वजाबाकी झालीच नव्हती असं होतं. शिवाय ‘उलट बोलू नको’ हे पोरं रोज घरी ऐकतात.

धुऱ्यावरचा

काऊन एवढा ईचार करून राह्यले बाप्पा? ‘वापस’ म्हना ना! बैल वापस आन, पैसे वापस दे, पाहुने वापस गेले. त्याच्यात दुसरा अर्थच नाई. ‘रन’ले ‘पुन्हा चालव’, अन् ‘रिव्हर्स’ले ‘वापस ये’. परत हा शब्दच वर्गात बंद करा.

शुद्धलेखनवाले काका

‘वापस’ हा हिंदीचा प्रभाव आहे. विदर्भातली मुलं पुढे पुण्यात गेली की याच शब्दावरून त्यांना हसतात.

जुनी पोथी

काका, ‘वापस’ मूळचा फारसी आणि त्यातल्या ‘पस’चा अर्थ मागे. संस्कृत ‘पश्चात्’चा तो चुलतभाऊच. ‘जमीन’ आणि ‘हजर’ आपल्याला चालतात, मग यालाच का दारात उभं करायचं? एक शंका मात्र रास्त आहे. नागपूरच्या हिंदीत ‘वापस से कर’ म्हणजे पुन्हा कर. तेव्हा ‘से’ चिकटू देऊ नका.

तूर-हरभरा

वापस येण्याची ही सोय जीडीबीत आली ती ७.० आवृत्तीत, ऑक्टोबर २००९ मध्ये. त्याआधी पुढे निघून गेलात की पुन्हा पहिल्यापासून. आताही नोंद मुळात २,००,००० सूचनांपुरतीच असते, वाढवायची तर आधी सांगावं लागतं. आणि पडद्यावर छापून गेलेलं वापस येत नाही. फवारलेलं औषध पंपात कुठं येतं?

जागलीवरून

‘वॉचपॉइंट’चं काय केलं मास्तर? मी ‘जागल’ म्हणतो. रानडुक्कर नि रोही पिकात शिरू नयेत म्हणून रात्रभर वावरात बसायचं, ती जागल. वॉचपॉइंट तेच करतो. एका चलावर (व्हेरिएबलवर) नजर ठेवायची, कोणी बदलला की प्रोग्राम जागेवर थांबवायचा, जुनी किंमत नि नवी किंमत दाखवायची. ‘वॉच’ बदलावर उठतो, ‘आरवॉच’ कोणी नुसतं वाचलं तरी, ‘एवॉच’ दोन्हींवर.

जागल दोन प्रकारची. एक झटका मशीनची, तार लावली की माणूस झोपला तरी चालतं. हा हार्डवेअर वॉचपॉइंट. प्रोसेसर स्वतःच पाहतो, वेग पडत नाही. पण एक्स८६ जातीच्या प्रोसेसरवर त्यासाठी रजिस्टरं चारच, म्हणजे चौघांपुरतीच तार. दुसरी टॉर्चची: पिकाच्या प्रत्येक ओळीतून फिरायचं नि दर पावलाला पाहायचं. हा सॉफ्टवेअरवाला. दर सूचनेनंतर थांबून तपासतो, म्हणून शेकडो पटींनी हळू होऊ शकतो. फंक्शनच्या आतल्या चलावर लावलेली जागल फंक्शन संपलं की आपोआप उठते. पीक निघालं की जागल कशाची?

धुऱ्यावरचा

भल्ला शब्द आहे राजा! अन् ब्रेकपॉइंट, जिथं आपन प्रोग्राम थांबोतो, म्हनजे एस्टीचा थांबा. अट टाकली का विनंती थांबा. कोनी हात दाखोला तरच गाडी थांबते.

शुद्धलेखनवाले काका

हे दोन्ही मला मान्य. ‘बग’ला, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकीला, मात्र कृपया ‘बोंडअळी’ म्हणू नका. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क टू यंत्रात सापडला तो पतंग होता, नोंदवहीत चिकटवलेला.

जुनी पोथी

शब्द त्याहून जुना आहे, काका. एडिसनने १८७८ मध्येच यंत्रातल्या दोषाला ‘बग’ म्हटलं होतं. आणि कापसातही पतंग नुसता उडतो, बोंड खाते ती अळी!

दारव्ह्याकडचा मास्तर

काल फळ्यावर लिहिलं: रन – पुन्हा चालव. कंटिन्यू – पुढे चाल. रिव्हर्स-कंटिन्यू – वापस ये. वॉच – जागल लाव. आठव्या खेपेला उणे आकडा आला. पोरीनं रिकाम्या वजनावर जागल लावली नि ‘वापस ये’ केलं. जीडीबी थांबला तो थेट आधीच्या गाडीवर. बैलगाडीचं रिकामं वजन भरायचं राहिलं होतं आणि चलात ट्रॅक्टर-ट्रॉलीचंच बसून होतं. ‘सर, बैलगाडीतून ट्रॉली वजा करून राह्यला!’ ती ओरडली.

आता एकच अडलंय. ‘बॅकट्रेस’ला, म्हणजे कोणत्या फंक्शननं कोणाला बोलावलं त्या यादीला, मी गाडग्यांची उतरंड म्हणतो. आत्ता जिथं थांबलो त्या फंक्शनचं शून्य नंबरचं लहान गाडगं वर, सुरुवातीच्या ‘मेन’ फंक्शनचा डेरा तळाशी. पडद्यावरही यादी तशीच दिसते. पण बोलावणाऱ्या फंक्शनकडे जायची आज्ञा आहे ‘अप’, म्हणजे ‘अप’ म्हटलं की आपण उतरंडीत खाली उतरतो. कोणाकडे शब्द आहे का?

धुऱ्यावरचा

‘धन्याकडे जा’ म्हना. धनी वर असो का खाली.