पीबीओ दिल्यावर फेनव्हॅलेरेटने अळ्या जास्त मरतात, क्लोरपायरीफॉसने कमी. असं का?

कीटक_पीजी
घाटे अळीवरची चाचणी आहे. हरभऱ्यावरून आणलेल्या अळ्यांची प्रयोगशाळेत वाढवलेली पुढची पिढी, तिसरी अवस्था. आधी पायपेरोनिल ब्युटॉक्साइड, म्हणजे पीबीओ, आणि नंतर कीटकनाशक. फेनव्हॅलेरेटची मर अपेक्षेप्रमाणे वाढते. क्लोरपायरीफॉसची मात्र पीबीओच्या गटात उलट घटते, पुन्हा केलं तरी तेच. पीबीओ विष मोडणारी एन्झाईम्स अडवतो, तर दोन्ही औषधं जास्त चालायला हवीत ना? आणि फेनव्हॅलेरेटच्या निकालावरून 'पी450मुळे (म्हणजे विष मोडणाऱ्या एन्झाईमांच्या एका गटामुळे) प्रतिकार' असं थेट लिहिता येईल का?

रेणू_आणि_अळी
निकाल बरोबर आहे. क्लोरपायरीफॉस बाटलीत ज्या रूपात असतं त्या रूपात ते फारसं मारक नसतंच. अळीच्या शरीरातली पी450 एन्झाईम्स त्यातला गंधकाचा अणू काढून तिथे ऑक्सिजन बसवतात, त्याचा ऑक्सॉन होतो आणि हा ऑक्सॉन ॲसिटिलकोलिनएस्टरेज या मज्जातंतूंना लागणाऱ्या एन्झाईमला जखडतो. म्हणजे विष तयार करायचं काम अळीच करते. पीबीओने तेच बंद पाडलं, म्हणून मर घटली.

फेनव्हॅलेरेट आहे तसंच विषारी असतं आणि पी450 ते मोडतात. घाटे अळीत यामागचं जनुक माहीत आहे: सीवायपी337बी3, ऑस्ट्रेलियातल्या अळ्यांवरच्या कामातून 2012 मध्ये प्रसिद्ध झालेलं. शेजारशेजारच्या दोन जनुकांची अदलाबदल असमान झाली आणि सीवायपी337बी2चा सुरुवातीचा तुकडा सीवायपी337बी1च्या उरलेल्या भागाला जोडला गेला. हे जोडजनुक फेनव्हॅलेरेटवर हायड्रॉक्सिल गट बसवून त्याची धार घालवतं. मूळच्या दोघांना ते जमत नाही. इथे बरेच जण फसतात, कारण प्रतिकार म्हटला की लगेच क्यूपीसीआर (जनुक किती चालतंय ते मोजणारी चाचणी) लावून कुठलं जनुक किती पट जास्त चालतंय ते मोजायला बसतात. या प्रकरणात जनुक आहे की नाही हाच प्रश्न आहे. सांध्याच्या दोन बाजूंना प्रायमर ठेवून केलेला साधा पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा आहे का ते दाखवणारी चाचणी) त्याचं उत्तर देतो.

मायक्रोलिटर
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: थेट लिहू नका. पीबीओ काही एस्टरेजही (विष मोडणाऱ्या एन्झाईमांचा दुसरा गट) अडवतो आणि घाटे अळीतच ते दाखवलं गेलंय. लिहायचंच तर 'पी450चा सहभाग सूचित होतो' इथवर थांबा. सोबत ट्रायब्युफॉस (एस्टरेज अडवायला) आणि डायइथाइल मॅलिएट (ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज हा तिसरा एन्झाईम गट अडवायला) यांच्या चाचण्या जोडा.

आता पद्धत. पीबीओ तांत्रिक प्रतीचा घ्या. अळीमागे 50 मायक्रोग्रॅम द्यायचे असतील तर 10 मिली ॲसिटोनमध्ये 500 मिग्रॅ, आणि त्यातलं 1 मायक्रोलिटर छातीच्या पाठीकडच्या भागावर. पण 50 हा आकडा डोळे झाकून घेऊ नका. नुसत्या पीबीओच्या चढत्या मात्रा देऊन बघा आणि ज्या सर्वांत मोठ्या मात्रेला एकही अळी मरत नाही ती धरा. ॲसिटोन उडतं, झाकण उघडं राहिलं की द्रावण नकळत तीव्र होतं. पीबीओ उजेडात खराब होतो, म्हणून तपकिरी बाटली वापरा. पीबीओ आणि औषध यांमधलं अंतर सगळ्या गटांत सारखं हवं.

गट चार: नुसतं ॲसिटोन, नुसता पीबीओ, नुसतं औषध, दोन्ही. अळ्या एकेकट्या ठेवा, ही जात एकमेकींना खाते आणि मग मर औषधाची की भावंडांची ते कळत नाही. पायरेथ्रॉइडचा (फेनव्हॅलेरेट याच वर्गातलं) निकाल 24 तासांवर काढू नका, आडव्या पडलेल्या कित्येक अळ्या नंतर उठून खायला लागतात. नियंत्रण गटातली मर 20 टक्क्यांच्या वर गेली तर ती खेप टाकून द्या, त्याखाली असेल तर ॲबटच्या सूत्राने (नैसर्गिक मर वजा करणारं) दुरुस्ती करा.

आणि संवेदनशील वाण (प्रतिकार नसलेल्या अळ्या) तुलनेसाठी सोबत चालवलाय का? पीबीओशिवायच्या एलडी50ला (निम्म्या अळ्या मारणारी मात्रा) पीबीओसहच्या एलडी50ने भागून येणारं गुणोत्तर दोन्ही वाणांत सारखंच आलं, तर प्रतिकाराबद्दल काहीच सिद्ध होत नाही. तुमच्या वाणात ते ठळक जास्त हवं. पीबीओनंतरही बराच प्रतिकार उरला, तर सोडियम वाहिनीतला (मज्जातंतूतली, पायरेथ्रॉइड जिथे घाव घालतं ती जागा) बदल तपासा. त्यावर पीबीओ काही करू शकत नाही.

रब्बी_सल्ला
दुकानातून हमखास येणारा प्रश्न: मग फवारणीत पीबीओच मिसळला तर? नको. उन्हात तो टिकत नाही, मधमाश्या आणि मित्रकीटकांचीही विष मोडायची ताकद घटवतो, आणि क्लोरपायरीफॉस, डायफेनथियुरॉन अशी शरीरात गेल्यावर मारक होणारी औषधं बोथट करतो.

कीटक_पीजी
संवेदनशील वाण नव्हता, तो मिळवतो. पण मग शेतात औषधाचा गट बदलत राहणं पुरेसं नाही का?

रेणू_आणि_अळी
बदलायचाच, पण नुसता गटाचा आकडा बघून नाही. पांढऱ्या माशीत सीवायपी6सीएम1 हे एकच एन्झाईम इमिडाक्लोप्रिड (गट 4ए) आणि पायमेट्रोझिन (गट 9बी) दोन्ही मोडतं. गट ठरतात औषध कुठे घाव घालतं त्यावरून, ते कोण मोडतं यावरून नाही. उलट बाजूही आहे: क्लोरफेनापिरला पी450, इंडोक्साकार्बला एस्टरेज मारक बनवतात. त्यामुळे एन्झाईम वाढलेली अळी कधीकधी यांना जास्त बळी पडते. मात्र हे आपल्या भागातल्या अळ्यांवर चाचणी केल्याशिवाय गृहीत धरू नये.

रब्बी_सल्ला
अळीचं वयही बघा. मोठ्या अळीत ही एन्झाईम्स भरपूर, त्यामुळे लहानीला पुरणारी मात्रा तिला पुरत नाही. हेक्टरी 5 कामगंध सापळे लावा. सलग 3 दिवस सापळ्यामागे 8 ते 10 पतंग आले किंवा मीटरभर ओळीत 1-2 अळ्या दिसल्या की हालचाल करा. लहान अळ्यांवर आधी 5 टक्के निंबोळी अर्क किंवा एचएएनपीव्ही. हा विषाणू आहे, पी450ला त्यात मोडण्यासारखं काही नाही, फक्त ऊन मानवत नाही म्हणून संध्याकाळी, नीळ घालून फवारायचा. त्यानंतरही गरज पडली तर 10 लिटर पाण्यात इमामेक्टिन बेंझोएट 5 एसजी 4.4 ग्रॅम किंवा क्लोरॲन्ट्रानिलीप्रोल 18.5 एससी 2.5 मिली, पण एकाच हंगामात तेच औषध पाठोपाठ नको.